उसनी खुर्ची

मंगळवार, ११ जून

प्रिय ओडेट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच फोडलं नसशील. खिडकीत पावाच्या डब्याला टेकवून ठेवलं असशील आणि येता-जाता त्याच्याकडे बघत असशील. बघ. मला ते लिहायला दोन वर्षं लागली, तेव्हा तुझ्या दोन-चार दिवसांना कोण नावं ठेवणार? आधी एवढं सांगते, की इकडे सगळे धडधाकट आहेत. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि कीथने मला काही लिहायला लावलेलं नाही. तो माझा भाऊ आहे आणि तुझा पूर्वीचा नवरा, पण या पत्राचा त्याला पत्ताही नाही. हे पत्र एका खुर्चीबद्दल आहे. कुठली खुर्ची ते तुला कळलंच असेल. ती शाबूत आहे. आता पुढचं शांतपणे वाच.

शनिवारी गावचा यार्ड सेल झाला. जूनचा दुसरा शनिवार, सगळ्या गावाने घर उलटं करून अंगणात ओतायचं आणि संध्याकाळी शेजाऱ्यांची अडगळ घेऊन आत जायचं, तुला काय सांगायचं! तू गेल्यापासून मी टेबल मांडलंच नव्हतं. या वर्षी गॉर्डनने हात टेकले. म्हणाला, "प्रिसिला, आपल्या गॅरेजमध्ये आता गाडी सोडून सगळं मावतं. सेल लाव, नाहीतर मी गाडीत राहायला जातो, म्हणजे गॅरेजात आणखी जागा होईल." मग आठवडाभर आम्ही सामान उपसत होतो. विला आता नऊ वर्षांची आहे. तिने लिंबू सरबत आणि हूपी पाय, म्हणजे त्या क्रीम भरलेल्या केकच्या जोड्या, यांचा ठेला लावायचं ठरवलं आणि एक मोठी पाटी रंगवली, 'आठच्या आधी येऊ नये. हे तुम्हालाच म्हटलंय.'

ही पाटी प्लमर बाईंसाठी होती आणि प्लमर बाई सहा वाजून दहा मिनिटांनी अंगणात हजर होत्या. लख्ख ऊन पडलेलं, तरी हातात टॉर्च, खोक्यांच्या तळाशी बघायला. मी दात घासता घासताच बाहेर आले. "अहो, आठला सुरू आहे." "माहीत आहे गं पोरी. मी कुठे घेतेय? मी बघतेय. तू तुझे दात घास." मग त्यांनी आमचं कॉफी दळायचं यंत्र उचलून छातीशी धरलं. "हे चांगलंय." म्हटलं, "तुमचंच आहे. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतलं." "तरीच म्हटलं चांगलं कसं," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

एझ्रा सहा वर्षांचा झालाय, आणि तो खोटं बोलू शकत नाही. हा गुण आहे की आजार ते मी अजून ठरवलेलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ जाऊन तो मालाची माहिती देत होता. "हा टोस्टर एका बाजूनेच भाजतो." "या चित्रकोड्यात घोड्याचं तोंड नाहीये, ते कुत्र्याने खाल्लं." "हा कोट छान आहे, पण आईला आता तो बसत नाही, ती रडली होती." मी रडले नव्हते, ओडेट, मी फक्त जरा वेळ पलंगावर बसले होते. पण गंमत अशी, की लोकांना तो भयंकर आवडला. टोस्टर घेणारा म्हणाला, "बायकोला एका बाजूनेच भाजलेला लागतो," आणि त्याला वर नाणंही देऊन गेला.

आणि टोबिन, चार वर्षांचा. तू त्याला शेवटचं बघितलंस तेव्हा तो दोन शब्दांची वाक्यं बोलायचा. आता तो शेवटचा शब्द कुणाला बोलू देत नाही. त्याच्या हाती मी किमतीच्या गोल स्टिकरांची पट्टी दिली, ही माझी पहिली चूक. त्याला फक्त तीन हा आकडा काढता येतो, पण तो तो झोकात काढतो. शुक्रवारी दुपारी तासाभरात आमच्या घरातली प्रत्येक वस्तू तीन डॉलरला झाली. टपालपेटी तीन डॉलर. कुत्रा तीन डॉलर. गॉर्डन पाठीवर स्टिकर घेऊन दुकानात जाऊन आला, आणि तिथल्या मुलीने त्याला म्हणे विचारलं, "घासाघीस चालेल का?" तेव्हापासून तो जरा उतरलेला आहे.

ते पिवळे स्टिकर बघून मला काय आठवलं असेल ते सांगायला नको, पण सांगते. आपण एकत्र टेबल मांडायचो तेव्हा माझे पिवळे आणि तुझे निळे. संध्याकाळी पत्र्याचा डबा उघडून रंगाप्रमाणे वाटणी. ज्या वर्षी गॉर्डनची कागदाची मिल बंद पडली, त्या वर्षी संध्याकाळी वाटणीला बसले तर तुझ्या निम्म्या वस्तू पिवळ्या निघाल्या. तुझ्या लेकीचे, सिमोनचे बूट, तुझा शिवणाचा डबा, अगदी तुझे बर्फावर चालायचे जाळीदार जोडेही. मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, "मला हल्ली रंग कळत नाहीत. वय झालं." तू चौतीस वर्षांची होतीस. मी ते त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. तू माझ्या वहीला हसायचीस, "प्रिसिलाच्या पोराने किती चमचे सूप प्यायलं याची नोंद सरकारला लागणार आहे," असं म्हणायचीस. पण ते वाक्य तिथे आहे, तारखेसकट.

आणि खरेदीचे शनिवार! मागे सिमोन आणि विला आपापल्या खुर्चीत बांधलेल्या, पुढे तू, मांडीवर नकाशा, तोंडात अर्धा प्लॉय, तुझं ते कुट्टूच्या पिठाचं धिरडं. पोरं लहान असतानाची खरेदी तू मला शिकवलीस. ज्या दारात दोरीवर बाळाचे कपडे मापाप्रमाणे टांगलेत तिथे थांबायचं, ज्या दारात ते ढिगात टाकलेत तिथे नाही. खेळण्यात बॅटरीची जागा उघडून बघायची. कोट घ्यायचे जूनमध्ये आणि दोन मापं मोठे. लांबून सेल दिसला की तू म्हणायचीस, "हळू कर... हळू... काय दिसतंय? व्यायामाची सायकल, फुलदाण्या... नको, मार पुढे." आणि मी पुन्हा गाडीला वेग द्यायचे. पण आपल्याच अंगणात बसलेलो असताना एखादी गाडी अशी हळू होऊन पुढे गेली की तुझा पारा चढायचा. "थांबायचं नसेल तर हळू कशाला करतात गं? खिडकीतून आपला संसार बघतात आणि नापास करून जातात." मी म्हणायचे, अगं, आपणही तेच करतो. तू म्हणायचीस, "आपण अनोळखी माणसांचं करतो." हे वाक्य लक्षात ठेव, मला त्याच्याकडे परत यायचं आहे.

तर खुर्ची. विला सहा महिन्यांची असताना तू ती गाडीच्या टपावर बांधून आणलीस. मेपलच्या लाकडाची, बाळाला टेबलाच्या उंचीवर बसवणारी, तुझ्या आजोबांनी हाताने केलेली. तुझ्यामुळे आम्ही सगळेच त्यांना पेपेर म्हणायला लागलो होतो, खरं तर मी त्यांना दोनदाच भेटले. विलाला तीत बसवलं, तिने हात आपटले, मग तू तिला उचलून माझ्याकडे दिलंस, खुर्ची उलटी केलीस आणि ते तापवून लाकडावर अक्षरं डागायचं पेन भिंतीतल्या प्लगला लावलंस. बैठकीच्या खाली तुझ्या आईचं नाव, मामांची नावं, तुझं, सिमोनचं. त्यांच्याखाली तू विलाचं नाव डागलंस आणि माझं स्वयंपाकघर दिवसभर साखरेच्या पाकासारखं जळकं-गोड दरवळत राहिलं. पेपेरचा नियम तू मला तेव्हाच सांगितलास: ही खुर्ची विकायची नाही, कुणाला देऊनही टाकायची नाही, फक्त उसनी द्यायची, आणि ज्या दिवशी मूल पहिल्यांदा बसेल त्या दिवशी मालकाने स्वतः येऊन नाव डागायचं. एझ्रासाठी तू आलीस. टोबिनसाठी आलीस. त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर डागताना एझ्राने तुझं कोपर ओढलं, म्हणून त्या अक्षराला शेपूट आहे. एकूण अकरा नावं, शेवटची तीन माझ्या पोरांची.

शनिवारी ती खुर्ची अंगणात होती. गॅरेज रिकामं करताना सगळंच बाहेर आलं, तीही आली. साडेदहाच्या सुमाराला टोबिनचा गुडघा फुटला म्हणून मी त्याला घेऊन आत गेले. पट्टी लावली, मग दुसऱ्या, न फुटलेल्या गुडघ्यालाही लावावी लागली. दहा मिनिटं गेली असतील. बाहेर येते तो खुर्चीच्या जागी गवतावर चार दाबलेले ठिपके. एझ्रा अभिमानाने उभा. "आई, मी खुर्ची विकली! एक बाई आली, तिच्या कडेवर बाळ होतं. बाळाला बसवून बघितलं तर ते हसलं. आठ लिहिलं होतं, ती म्हणाली सहा, मी म्हटलं सात. मी तिला सांगितलं की एक पाय जरा डुगडुगतो." मी खालीच बसले. तो म्हणाला, "डुगडुगतो ना? मी खोटं नाही बोललो."

गॉर्डनवर टेबल सोपवलं, टोबिनला गाडीत घातलं आणि निघाले. सेलच्या दिवशी बाळवाली बाई एका अंगणात थांबत नाही हे तूच शिकवलंस, त्यामुळे ती गावातच असणार होती. निळी मिनीव्हॅन, एझ्राने सांगितलं होतं. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. कुणाच्या अंगणात शिरून नुसतं काही विचारायचं आणि रिकाम्या हाती निघायचं, हे मला जमत नाही. पहिल्या घरी विचारलं, तर "हो हो, माझ्याकडून आंघोळीचा टब घेऊन गेली, वरच्या रस्त्याला वळली," असं उत्तर आणि माझ्या हातात एक वॅफलचं यंत्र. दुसऱ्या घरी, "बाळवाली ना? बापरे, काय घासाघीस करते! माझी बाबागाडी अर्ध्या किमतीत गेली आणि वर मीच तिला थँक यू म्हटलं." तिथे मी बर्फावर घसरायची एक स्की घेतली. एकच. मी विचारलं, दुसरी कुठाय, तर म्हातारा म्हणाला, "ती गेल्या वर्षी गेली. तीही असंच कुणीतरी घाईत नेली." पाचव्या घरापर्यंत गाडीत टोबिनला पाय ठेवायला जागा उरली नव्हती, आणि तो म्हणत होता, "आई, आपण विकतोय की घेतोय?"

निळी मिनीव्हॅन अग्निशमन केंद्राच्या आवारात सापडली, जिथे ते लोक दरवर्षी लाल हॉट डॉग विकतात. मागचं दार वर उघडलेलं, आत बाबागाडी, टब, आणि सगळ्यांच्या वर, चारी पाय आकाशाकडे करून, पेपेरची खुर्ची. बाजूला ती बाई उभी होती, पंचविशीची, डोक्याला पिवळा रुमाल, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. तिचं नाव उबाह. नदीपलीकडे राहते. पुढच्या सीटवर तिची आई बसली होती, दार उघडं टाकून, आणि एकूण व्यवहारावर तिची नजर होती. मी धापा टाकत सांगितलं, की अशी अशी चूक झाली, ती खुर्ची विकायची नव्हती, पोराने चुकून विकली, हे घ्या तुमचे सात डॉलर. उबाहने सगळं ऐकलं. म्हणाली, "ताई, तुमच्या मुलाने मला पायाचं डुगडुगणंसुद्धा सांगितलं. इतका सरळ दुकानदार मी गावात दुसरा बघितला नाही. तो चुकून कसं विकेल?" मी म्हटलं, तो नाही हो, धाकटा. हा. तो सगळ्यावर स्टिकर लावत सुटला होता, त्यातला एक खुर्चीवर लागला.

उबाहने खुर्चीच्या पाठीवरचा पिवळा स्टिकर बोटाने दाखवला. आठ. आणि माझ्या टोबिनने, न फुटलेल्या गुडघ्यावरची पट्टी सोलता सोलता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तो माझा नाहीये. मला आठ येत नाही. मला तीन येतो."

उबाहने ते आईला समजावून सांगितलं. मग पुढच्या सीटवरून उबाहची आई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि उबाह हसायला लागली. "आई म्हणतेय, या बाईला खोटं बोलायची सवय नाही. सवय असती तर पोराला घरी ठेवून आली असती."

हसले मीही, ओडेट. पण मग मला रडू आलं, तिथे, हॉट डॉगच्या रांगेसमोर. कारण तो आठ माझा होता. मी आठ कसा काढते ते तुला माहीत आहे, दोन वेगळी वर्तुळं एकमेकांवर बसवलेली. तू म्हणायचीस हा आकडा नाही, बर्फाचा माणूस आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोरं आत गेल्यावर मी एकटी गॅरेजमध्ये होते. दोन वर्षं ती खुर्ची तिथे खिळ्याला उलटी टांगलेली होती, नावं माझ्याकडे करून. काही आणायला गेले की अकरा नावं वाचायची आणि खाली मान घालून परत यायचं. परत पाठवावी तर तुला वाटेल की मी उरलेला शेवटचा धागाही कापून टाकतेय. ठेवून घ्यावी तर ती चोरी. फोन करावा, हा तिसरा मार्ग होता आणि तो मला सुचला नाही असं मी म्हणणार नाही, सुचला होता. त्या संध्याकाळी मला वाटलं, कुणीतरी अनोळखी माणसाने ती नेली तर तिच्याबरोबर हे सगळंही जाईल. मी स्टिकर चिकटवला. मग स्वतःलाच सांगितलं की आज टोबिनने सगळीकडे स्टिकर लावलेत, आणि वहीत लिहिलं, 'टोबिनची स्टिकरांची गंमत. खूप हसलो.' आठबद्दल एक अक्षर नाही. सुपाचे चमचे लिहिणाऱ्या बाईने.

तसं मी आणखी एकदा लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तू घर सोडताना सेल लावलास, त्या दिवशीची नोंद मी काल काढून बघितली. 'ओडेटकडे सेल. फार गर्दी होती, थांबता आलं नाही.' गर्दी नव्हती. तू एकटी होतीस, घडीच्या खुर्चीवर, मांडीवर पत्र्याचा डबा. सिमोन पायरीवर बसली होती. अंगणात कीथची गाडी तर दिसत नाही ना, एवढं मी बघितलं, कारण मी 'दोघांच्याही मध्ये पडणार नाही' असं सगळ्यांना मोठ्या शहाणपणाने सांगत फिरत होते. नव्हती त्याची गाडी. तरीही मी गाडी हळू केली, तुझ्या टेबलावरच्या सगळ्या वस्तू बघितल्या, मला त्या प्रत्येकीची गोष्ट माहीत होती, सगळ्यांवर निळे स्टिकर होते, आणि मी पुन्हा वेग दिला. तू मान वर केली होतीस. आपण अनोळखी माणसांचं करतो, असं तू म्हणायचीस. मी ते तुझं केलं.

हे सगळं मी उबाहला एवढ्या क्रमाने सांगितलं नाही, पण सांगितलं. तिने मुलीला तिच्या आजीकडे दिलं, खुर्ची खाली उतरवली आणि उलटी करून एकेक नाव वाचलं. सिमोन कोण, विला कोण, हे शेपूट कसलं, सगळं विचारलं. मी म्हटलं, ही खुर्ची विकली जातच नाही, तेव्हा तुमचे पैसे परत घ्याच. तिने घेतले. मग म्हणाली, "म्हणजे ही आता माझी नाही. तुमचीही नाही. मालकीण ती, तिकडे वरच्या खोऱ्यात राहायला गेलेली. मग तिलाच विचारा, माझ्या इदिलला उसनी मिळेल का म्हणून. नाही म्हणाली तर मी स्वतः तुमच्या दारात आणून ठेवेन. पण नीट विचारा हं ताई. 'तिने अजून उत्तर दिलं नाही' असं मला ऐकायचं नाही. तुम्ही पत्र टाकलं, एवढं ऐकायचंय." मग ती आमच्या मागोमाग घरापर्यंत आली आणि ते सात डॉलर तिने विलाच्या ठेल्यावर हूपी पायमध्ये उडवले. तिच्या आईने चार खाल्ले. एझ्राने इदिलला तिच्या बाबागाडीचं चाक वाकडं असल्याचं सांगितलं. ती स्की मात्र अजून माझ्याकडे आहे. प्लमर बाई घेतात का बघते, त्यांच्याकडे दुसरी असेल अशी मला दाट शंका आहे.

म्हणून हे पत्र, ओडेट. एक विचारायचं आहे आणि एक मागायचं आहे. विचारायचं ते उबाहच्या वतीने: खुर्ची इदिलला उसनी देशील का? नाही म्हणालीस तर मी ती पाच तास गाडी चालवून तुझ्या ओसरीवर आणून ठेवीन, आणि तू दार उघडलं नाहीस तरी परत येताना कुरकुर करणार नाही. हो म्हणालीस तर मात्र पंचाईत आहे, कारण ती पोर आमच्या अंगणात पहिल्यांदा बसून, हसून मोकळी झालीय, नाव डागायचं राहिलंय, आणि ते पेन तुझ्याकडे आहे. टोबिनच्या खाली जागा आहे, मी बघितलं. मागायची ती माफी, आणि ती मी माझ्या वतीने मागतेय, कुणाच्याही मध्ये न पडता. वहीतल्या त्या ऑगस्टच्या नोंदीखाली मी काल लिहिलं, 'गर्दी नव्हती. मी थांबले नाही.' उरलेलं सामान विकायला मी जूनच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा टेबल मांडतेय. अर्धं टेबल रिकामं ठेवणार आहे. तुझ्या निळ्या स्टिकरांची पट्टी पत्र्याच्या डब्यात तशीच सापडली, अजून चिकटतात, मी एक हातावर लावून बघितला. आलीस आणि आमच्या दारापुढे गाडी हळू करून, सगळं बघून पुढे निघून गेलीस, तरी तुझा तो हक्क आहे. मी मान वर करीन आणि हात हलवीन. पण विलाने आत्ताच पाटी रंगवायला घेतलीय, 'आठच्या आधी येऊ नये', आणि तिच्याखाली तिने स्वतःच्या मनाने लिहिलंय, 'ओडेट मामी सोडून'.

तुझीच,
प्रिसिला